देवकाबाईचे तीस सेकंद

राग माझ्या नाकावरच असतो. माय म्हणते, या पोरीला दवाखान्यात कोणी ठेवलं, हिला तर पोलिसात घ्यायला पाहिजे होतं. पण मी झाली फिजिओथेरपिस्ट. लकवा मारलेल्या, हाड मोडलेल्या माणसांना उठवायचं, बसवायचं, चालतं करायचं, हे माझं काम. घर पांढुर्ण्यात, नोकरी सौंसरच्या एका खाजगी दवाखान्यात. सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळच्या बसनं यायचं. सौंसरच्या स्टँडवर उतरलं की तीन वर्षं रोज पहिलं तोंड दिसायचं ते देवकाबाईचं.

देवकाबाई बसमध्ये चढून संत्री विकायची. वय बासष्ट-त्रेसष्ट, अंगानं काटक, आवाज मात्र दोन माणसांचा. छिंदवाड्याहून नागपूरला जाणारी गाडी थांबायच्या आधीच हिचा एक पाय पायरीवर असायचा. कमरेवर पाटी अन् तोंडाचा पट्टा चालू. "घ्या वो बाप्पा, साखर हाय साखर! गोड नाई निंगालं तं परतीच्या गाडीनं येऊन माह्या तोंडावर फेकून मारा!" ड्रायव्हर-कंडक्टरांना ती नावानं हाक मारायची अन् नावानंच शिव्या द्यायची. एकदा एका कंडक्टरानं ती उतरायच्या आतच घंटी मारली. बाई पाटीसकट थेट लोधीखेड्याला पोचली. उतरताना तिनं त्याचा असा काही उद्धार केला, की तो बिचारा आठ दिवस दुसऱ्या गाडीवर ड्युटी मागून राहिला होता.

मला ती "डॉक्टरीण" म्हणायची. मी डॉक्टर नाही हे मी तिला शंभर वेळा सांगितलं. "मंग काय हायस तू?" असं विचारायची, मी समजावून सांगायची, अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा, "काय वो डॉक्टरीण, आज गाडी लेट?"

तिचा नवरा ऐन जवानीत गेला. मुलगा रोशन तेव्हा पाच वर्षांचा. सासर लोधीखेड्याजवळच्या एका गावात, तिथं संत्र्याचा बगीचा. सगळा कारभार नवऱ्याच्या मोठ्या भावाकडे, भगवंतरावांकडे. आमच्याकडे नवऱ्याच्या मोठ्या भावाला भासरा म्हणतात, अन् भासऱ्याशी बाई बोलत नाही. तेव्हा भगवंतरावांनी बायकोच्या तोंडून निरोप दिला, की घरात राहा, दोन वेळचं कमी पडणार नाही. देवकाबाईनं जावेच्याच तोंडून उलटा निरोप धाडला, "पोट भरन, पन हात रिकामे राहीन. मले संत्री द्या, मी इकतो." भगवंतरावांनी संत्री दिली. तिनं सौंसरला एक खोली केली, पोराला शिकवलं, नागपूरला नोकरीला लावलं, त्याचं लग्न केलं. इतक्या वर्षांत बगीच्यातला माल कधी चुकला नाही, अन् भासऱ्या-भावजयीत एक शब्द कधी बोलला गेला नाही.

गेल्या वर्षी दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. मी गाडीतून उतरली तर समोर गर्दी. देवकाबाई पायरीजवळ बसून राहिली होती, संत्री सगळीकडे पसरलेली. मला पाहून काहीतरी बोलली, पण शब्द जाड येत होते अन् तोंड एका बाजूला ओढलेलं. मी पुढचं काही पाहिलं नाही. दोघातिघांना हाताशी घेतलं, ऑटोत घातलं अन् दवाखाना गाठला.

जीव वाचला. डाव्या अंगावरून लकवा गेला होता. हात लुळा, पाय जड, जीभ दोन दिवसांत बरीच सुटली. शुद्धीवर नीट आल्यावर तिनं पहिली गोष्ट विचारली ती संत्र्यांची नाही, पोराचीही नाही. माझं मनगट उजव्या हातानं पकडलं अन् म्हणाली, "पोरी, खरं सांगजो. मी एकटीनं चालीन का? कोनाच्या हाताले धरून नाई. एकटीनं. मले संडासले न्यायले जर कोनी लागलं, तं मले मेल्यावानीच हाय."

मी म्हटलं, "तपासून सांगते."

लकव्यात हे आधी ओळखायची एक साधी रीत आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत पेशंटला पलंगाच्या काठावर बसवायचं, पाय लोंबकळते, हात मांडीवर, कशालाच धरायचं नाही. असं तीस सेकंद बसता आलं, अन् लकवा मारलेल्या पायात थोडी तरी हालचाल असली, तर तो माणूस सहा महिन्यांच्या आत स्वतःच्या पायानं चालतो. शंभरातले जवळजवळ सगळे चालतात. नाही जमलं तर आठ-नऊ दिवसांनी पुन्हा पाहायचं. तेव्हाही नाही जमलं, तर मात्र आशा फार कमी. म्हणजे चालायचं कोडं चालून नाही सुटत, बसून सुटतं. धड सावरता आलं पाहिजे, मग पाय मागोमाग येतो.

माझी एक सवय होती. अशी तपासणी मी घरच्या कर्त्या माणसाला समोर उभं करूनच करायची. नंतर "आम्हाले कोनी सांगतलंच नाई" असं ऐकून घ्यायची मला चीड आहे. देवकाबाईच्या घरचं कर्तं माणूस म्हणजे भगवंतराव. पंचाहत्तरीचा म्हातारा, पांढरं धोतर, डोक्यावर टोपी. सकाळच्या गाडीनं डबा घेऊन यायचे अन् पलंगाच्या पायथ्याशी उभे राहायचे. भावजयीकडे पाहायचे नाहीत, खिडकीकडे पाहायचे. रोशनही नागपूरहून आला होता, पण त्याला आईकडे पाहिलं की रडूच यायचं.

तिसऱ्या दिवशी मी भगवंतरावांना म्हटलं, "काकाजी, थांबा, तुम्ही पाहा." देवकाबाईला काठावर बसवलं. पाय पाहिला होता, मांडी अन् गुडघा जरासा हलत होता. चांगलं लक्षण. मी घड्याळ धरलं अन् मोजायला लागली. अकरा झाले, अन् बाईचा उजवा हात वर गेला, सगळं अंग डावीकडे कललं, अन् मी पकडली म्हणून खाली नाही पडली.

नवव्या दिवशी पुन्हा. तोच पलंग, तीच वेळ, पायथ्याशी तेच काकाजी. चौदाला हात वर गेला अन् बाई कलंडली. मी फाईलमध्ये लिहिलं, "आधारासाठी हात उचलते, डावीकडे पडते. आधाराशिवाय बसता येत नाही."

मग व्हरांड्यात भगवंतराव अन् रोशन. म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई, सिद्धं सांगा. चालन का नाई चालन?"

मी सरळ सांगितलं. एकटीनं चालणं कठीण आहे. खुर्चीगाडी पाहून ठेवा, अन् चोवीस तास कोणीतरी सोबत पाहिजे. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. खरं सांगायचं तर मला तेव्हा माझ्या हुशारीचा थोडा गर्वच वाटला होता. मोठे डॉक्टरही गोल-गोल बोलतात, मी बघा कशी स्पष्ट बोलते!

रोशन म्हणाला, "मंग मी मायले नागपूरले नेतो. आमचं घर चवथ्या माळ्यावर हाय, पन लिफ्ट हाय. मी अन् दामिनी दोघंबी कामाले जातो, दिवसा एक बाई लावू." पोरगा वाईट नाही हो. खोली रिकामी करायची, रविवारी गाडी आणायची, सगळं त्यानं तिथंच ठरवलं. भगवंतरावांनी मान हलवली. भिंतीपलीकडे देवकाबाईनं सगळं ऐकलं.

त्यानंतर ती माझ्याशी बोललीच नाही. तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होती. जिनं कंडक्टरांची तोंडं बंद केली, तिचं तोंड बंद. मी व्यायामाला गेली तर डोळे मिटून घेतले. मला वाईट वाटलं, पण म्हटलं, खरं सांगणं आपलं काम आहे.

अकराव्या दिवशी, दुपारची वेळ. मी दुसऱ्या वॉर्डातून येऊन राहिली होती, तर कानावर आवाज आला, "वास घे, वास! देठाजवळ नाक लावून पाह्य. रंगावर जाशीन तं फसशीन." दारातून डोकावली. आमची आया लीलाबाई स्टुलावर बसलेली, अन् समोर पलंगाच्या काठावर देवकाबाई. पाय लोंबकळते. डावा हात मांडीवर. उजव्या हातात संत्रं, तो हात वर, लीलाबाईच्या नाकासमोर. पाठीला काही नाही, बाजूला काही नाही, कशाला धरलेलं नाही.

मी आपसूकच भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. वीस. तीस. चाळीस. बाईचं गोड संत्रं ओळखायचं शास्त्र चालूच. एक मिनिट. दीड मिनिट. माझ्या पायाखालची जमीन सरकली, अन् त्यावर उपाय म्हणून मला राग आला. मला कशावरही रागच येतो.

"मावशी!" मी ओरडलीच. "हे काय चालवलंय? माझ्यासमोर चौदा सेकंद बसवत नाही, अन् इथं दुकान मांडून बसल्या?"

लीलाबाई दचकून उभी राहिली. देवकाबाई मात्र जागची हलली नाही. मला म्हणाली, "वरडून काहून राहिली? बसतो मी. कालबी बसली होती."

"मग मी मोजते तेव्हा काय होतं तुम्हाला?"

"तवा भासरे उभे रायतेत ना समोर!"

"मग?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की एवढी शिकलेली पोरगी अन् डोकं कसं नाही. "मंग काय? तू मले काठावर बसवतं, अन् ह्यो खांदा पडला हाय, पदर घसरते. मी का त्यायच्यासमोर उघड्या डोक्यानं बसू? हात लावाच लागते पदराले. अन् हात लावला का जातो कोलमडून."

मी तिथंच पलंगावर बसली. पदर डाव्या खांद्यावरून मागं गेलेला. तो डोक्यावर घ्यायचा तर उजवा हात छातीवरून आडवा नेऊन, डाव्या खांद्याच्या मागं घालायचा. सगळा भार जातो डावीकडे, लुळ्या बाजूला. धडधाकट माणूसही लोंबकळत्या पायानं तसं करताना हलेल. अन् मी लिहिलं होतं, आधारासाठी हात उचलते!

"अहो, मग सांगितलं काहून नाही?"

"तुनं इचारलं कधी?" देवकाबाई म्हणाली. "तू आकडे मोजत होती."

तोंडात मारल्यासारखं झालं. माझी आजी सावरगावची. जन्मभर तिला आजोबांच्या मोठ्या भावासमोर असंच करताना मी पाहिलं आहे. चुलीवर दोन्ही हात गुंतलेले असले तरी दातात धरून पदर ओढायची. मला हे माहीत नव्हतं असं नाही. माझ्या डोक्यात तीस सेकंद होते, त्यात पदर बसला नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी भगवंतराव डबा घेऊन आले, तसं मी त्यांना बाहेरच अडवलं. रात्रभर शब्द जुळवले होते, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "काकाजी, चूक माझी झाली. त्या पडत नाहीत. त्या तुमच्यासमोर पदर घेतात, म्हणून पडतात."

म्हाताऱ्यानं टोपी काढून हातात घेतली. "म्हंजे माह्यामुळं?"

"तुमच्यामुळं नाही. मीच तुम्हाला उभं केलं."

ते दारापर्यंत गेले, आत न जाता लीलाबाईला म्हणाले, मोठ्यानं, आत ऐकू जाईल असं, "तिले सांगा, जीव मोठा हाय. पदर नाई घेतला तं काई आभाय नाई कोसयत. माही परवानगी हाय म्हना."

पण आत देवकाबाईनं नुसता आवाज ऐकला, अन् उजवा हात खांद्याकडे गेलासुद्धा! लीलाबाई धरायला धावली. परवानगी डोक्याला कळते हो, चाळीस वर्षं पदर घेणाऱ्या हाताला कुठे कळते? मला हसूही आलं अन् रडूही. भगवंतरावांनी ते दारातून पाहिलं. डबा लीलाबाईच्या हातात दिला, दवाखान्याबाहेर पडले, रस्ता ओलांडला अन् समोरच्या चहाच्या टपरीवर पाठ करून बसले.

मी घड्याळ काढलं. "मावशी, आता बसा." तीस झाले. चाळीस झाले. साठाला मी मोजणं बंद केलं. पाय पाहिला, मांडीत जोर वाढला होता, गुडघा सरळ होत होता, अंगठाही हलायला लागला होता. कूस बदलायला सांगितलं, स्वतःहून उठून बसायला सांगितलं. सगळं केलं बाईनं. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही चालाल. एकटीनं चालाल."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, अन् ते पुसायलाही तिनं हात उचलला नाही, पुन्हा मी नापास करीन म्हणून.

रोशननं ऐकलं अन् चिडला. त्याचंही बरोबर होतं. "मॅडम, परवा तुम्ही नाई म्हनत होत्या, आज हो म्हनता. मी खोलीचं सांगून आलो. तुमचं कोनतं खरं धरू?"

मी म्हटलं, "आजचं. बारा आठवडे द्या मला. बारा आठवड्यांत मावशी एकटीनं चालतील. नाही चालल्या, तर तुम्ही गाडी घेऊन या, मी एक शब्द बोलणार नाही." दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, अन् मी पुन्हा तारीख देऊन मोकळी झाली होती.

भगवंतरावांनी निकाल दिला. देवकाबाई आपल्या खोलीतच राहील. सोबतीला त्यांची बायको शांताबाई येऊन राहील. अन् ते स्वतः गल्लीच्या तोंडाच्या आत पाऊल टाकणार नाहीत.

मग सुरू झाली मेहनत. मी ड्युटी संपवून रोज तास-दीड तास तिच्या खोलीवर जायची अन् संध्याकाळची गाडी सोडून रात्रीच्या गाडीनं घरी. पाठीवर झोपून कंबर वर उचलायची. खाटेवरून उठून उभं राहायचं, पुन्हा बसायचं, पुन्हा उभं. बाई मला शिव्या द्यायची. "तुह्या सासूले अशीच उठबस कराले लावजो!" मी म्हणायची, "सासू आधी मिळू द्या, तुम्ही दहा पूर्ण करा." डाव्या पायावर भार द्यायला ती भ्यायची, सगळं वजन उजवीकडेच. एक दिवस मला सुचलं. उजव्या हाताला संत्र्यांची पाटी ठेवली अन् डावीकडे रिकामं टोपलं. एक-एक संत्रं उचलून डावीकडच्या टोपल्यात टाकायचं. टाकताना भार आपोआप डाव्या पायावर. मी गिऱ्हाईक झाली, मुद्दाम घासाघीस केली. बाई भांडायच्या नादात तीस संत्री टाकून मोकळी झाली, अन् पाय थरथरून राहिलाय हे तिच्या ध्यानातच नाही. शांताबाई दारात हसून-हसून बेजार.

सहाव्या आठवड्यात ती माझा हात धरून चार पावलं चालली. नवव्या आठवड्यात काठी घेऊन दारापर्यंत. दहाव्यात ताप आला, आठ दिवस खाटेवर, अन् पाय पुन्हा जड झाला. बारावा आठवडा संपला तेव्हा काठी सोडून ती दोन पावलं टाकायची, तिसऱ्याला गुडघा वाकायचा.

ठरल्या दिवशी रोशन गाडी घेऊन आला. दामिनीही आली होती, तिनं सासूसाठी नवी चादर, उशी सगळं मागच्या सीटवर घालून आणलं होतं. त्या दिवसापुरते भगवंतरावही गल्लीत आले होते, पण भिंतीच्या आडोशाला उभे, दाराच्या बाहेर. देवकाबाईनं काठी भिंतीला टेकवली. एक पाऊल. दुसरं. तिसरं टाकलं अन् गुडघा गेला. मी धरली.

देवकाबाईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शांताबाईला म्हणाली, "माही पेटी काढ वो. लुगडे भर."

मी शब्द दिला होता, गप्प राहायला पाहिजे होतं. पण मी आत-बाहेर कोणाकडेच न पाहता म्हटलं, "तारीख माझी चुकली. त्या चालणार हे चुकलेलं नाही."

रोशन थकलेल्या आवाजात म्हणाला, "मॅडम, किती खेपा चुकते तुमचं?"

तेव्हा भिंतीआडून भगवंतरावांचा आवाज आला. "रोशन, मी बगीच्यात झाडाले तहानेचा ताण देऊन मंग पाणी सोडल्याले आज अठरा दिवस झाले. दरसाली पंधराव्या दिवशी फूल दिसते. औंदा नाई दिसलं. मंग झाडं तोडू का?" अन् जरा थांबून, "या पोरीनं माह्यासमोर येऊन चूक माही हाय म्हटलं. लोकं जलमभर नाई म्हनत. मले तिचा भरोसा हाय. तू गाडी रिकामी ने."

दामिनीनं शांताबाईच्या हातातून पेटी घेतली अन् परत खाटेखाली सरकवली. चादर-उशी आत आणून खाटेवर घातली. "आई, हे इथंच राहू द्या. तुम्हालाच आणली होती."

त्यानंतर मी तारखा सांगणं बंद केलं. देवकाबाईनंही विचारणं बंद केलं. नुसतं काम. ती शिव्या देईना, बोलेना, दात आवळून उभी राहायची. मी घरी जाताना गाडीत मनातल्या मनात तिचे स्नायू मोजायची अन् देवाला म्हणायची, बाप्पा, माझ्या चुकीची शिक्षा हिला नको देऊ.

असे अडीच आठवडे गेले. एक सोमवार होता. पांढुर्ण्याची गाडी स्टँडात शिरली, मी नेहमीसारखी उतरली, पर्स सावरत दवाखान्याच्या वाटेला लागणार, तर मागून आवाज आला.

"काय वो डॉक्टरीण, आज गाडी लेट?"

देवकाबाई. रसवंतीच्या खांबाजवळ उभी. हातात काठी नाही. सोबत शांताबाई नाही, कोणीच नाही. मी गर्रकन आजूबाजूला पाहिलं, कोणी आणून सोडलं असेल म्हणून.

"काय पाह्यतं? एकटी आली," ती म्हणाली. "शांताबाई आंघोयीले बसली अन् मी निंघाली. खोलीपासून इथपर्यंत. दोन खेपा थांबली, भिताडाले हात नाई लावला. तुही गाडी याच्या आत पोचाचं होतं, म्हून उजाडल्याबरोबर निंघाली."

मी जवळ गेली. हात पुढं केला, सवयीनं, तिच्या कंबरेमागं धरायला. तिनं तो हात हळूच बाजूला सारला.

"आता ऐक," ती म्हणाली. तिचा श्वास अजून बसला नव्हता, डावा पाय थरथरत होता, पण ती उभी होती. "आजपासून तू माह्या खोलीवर येऊ नको. साडेतीन महिने तुही संध्याकायची गाडी गेली, तुही माय जेवाची थांबते. हे सांगाले आली. दवाखान्यावानी सुट्टी तू मले नाई देल्ली पोरी, मी तुले सुट्टी देऊन राहिली."

आसपास ड्रायव्हर, कंडक्टर, उतरलेली माणसं थांबून पाहत होती. कोणीतरी "अवो देवकाबाई!" म्हणून ओरडलं. एवढी तापट म्हणवणारी मी, भर स्टँडात पोरीसारखी रडायला लागली.

"रडू नको वो," ती म्हणाली, "लोक म्हनन मी मारलं हिले." अन् तीही रडायला लागली.

मग ती वळली अन् खोलीकडे चालायला लागली. हळू, डावा पाय जरासा ओढत, मधल्या खड्ड्याला वळसा घालून. मी तिच्यामागं गेली नाही. ती वळणाआड जाईपर्यंत मी तिथंच उभी राहिली, अन् त्या दिवशी ड्युटीवर मी पाऊण तास उशिरा पोचली.